निमित्त पुराचं

घरात फरशी बसवायचं काम चाललं होतं. खोली रिकामी, सगळीकडे ओल्या सिमेंटचा वास. मिस्त्रींनी एक लांबलचक पारदर्शक नळी काढली, तिच्यात पाणी भरलं, अडकलेले हवेचे बुडबुडे टिचक्या मारमारून बाहेर घालवले आणि एक टोक माझ्या हातात दिलं. "ताई, या खुणेवर धरा. हलवू नका." दुसरं टोक घेऊन ते समोरच्या भिंतीशी गेले. नळीतलं पाणी वर गेलं, खाली आलं, पुन्हा थोडं वर गेलं, थरथरलं आणि एका जागी थांबलं. त्यांनी तिथे पेन्सिलीने रेघ ओढली. मग दोन्ही रेघांपासून जमिनीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. मला चांगली सपाट वाटणाऱ्या त्या खोलीत दोन बोटांचा फरक निघाला. "डोळ्याला नाही कळत," ते म्हणाले, "पाण्याला विचारावं लागतं."

नद्यांविषयी वाचायचा नाद मला आधीपासूनचा. पण त्या दिवसापासून मैदानातल्या नद्यांबद्दल काहीही वाचायला घेतलं, की ती नळी पुन्हा हातात आल्यासारखी वाटते.

शाळेत आम्हाला नदीच्या तीन अवस्था होत्या. डोंगरातली युवावस्था, पायथ्याची प्रौढावस्था आणि मैदानातली वृद्धावस्था. "वृद्धावस्थेत नदीचा वेग मंदावतो, तिची वहनशक्ती कमी होते व ती नागमोडी वळणे घेत संथ वाहते." हे वाक्य मी किती परीक्षांत लिहिलं असेल, त्याची गणती नाही. गुणही पुरते मिळायचे. ही मांडणी विल्यम मॉरिस डेव्हिस या अमेरिकन भूगोलतज्ज्ञाची, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. ती इतकी सुबक आहे की डोक्यातून जाता जात नाही. पण १९५३ साली लूना लिओपोल्ड या अमेरिकन जलतज्ज्ञांनी नद्यांवरची मोजमापं एकत्र करून दाखवून दिलं, की उगमाकडून खाली येताना नदीचा सरासरी वेग बहुतेक वेळा कमी होत नाही, उलट थोडा वाढतोच. डोंगरातला ओढा दगडांवर आपटतो, फेसाळतो, आवाज करतो, म्हणून वेगवान भासतो. खालची नदी खोल असते, तळाचं घर्षण तिला त्या मानाने कमी जाणवतं. ती गाजावाजा न करता भराभर जाते. मैदानातल्या नदीला म्हातारी म्हणण्यात आपण तिच्यावर अन्याय करत आलो आहोत, असं मला मनापासून वाटतं. नदीचं सगळ्यात नाट्यमय आयुष्य मैदानातच घडतं.

त्यासाठी आधी तिथला उतार किती असतो ते पाहायला हवं. पेरूमधलं इकितोस हे शहर अ‍ॅमेझॉनच्या काठी आहे. तिथून समुद्र नदीच्या वाटेने सुमारे ३,६०० किलोमीटर दूर, आणि शहराची समुद्रसपाटीपासून उंची शंभर मीटरच्या आसपास. म्हणजे किलोमीटरमागे साधारण तीन सेंटिमीटर उतार. अंगठ्याचं एक पेर. एवढ्याशा उतारावर जगातली सगळ्यात मोठी नदी वाहते. आता अशा ठिकाणी जमीन कुठेतरी एखादा मीटर उचलली गेली तर? डोंगरातल्या ओढ्याला एक मीटर म्हणजे काहीच नाही, तो कापून मोकळा होईल. मैदानातल्या नदीचा तेवढ्यात तीसेक किलोमीटरचा उतार खर्ची पडतो.

आणि जमीन उचलली जातेच. खचतेही. खरं तर ती खचते म्हणूनच मैदान तयार होतं, हे कळायला मला बराच काळ लागला. मैदान म्हणजे डोंगर झिजून उरलेली जागा, अशी माझी समजूत होती. गंगेचं मैदान घ्या. भारताचा भूपट्ट वर्षाला चार-पाच सेंटिमीटरने उत्तरेकडे सरकतो आहे. हिमालयाचं ओझं त्याच्या काठावर चढलं आहे आणि त्या ओझ्याने काठ खाली वाकला आहे, टेबलाच्या कडेबाहेर ठेवलेली पट्टी बोटाने दाबली की वाकते तसा. त्या वाकण्याने जो लांबट खोलगा झाला, तो हिमालयातूनच आलेल्या गाळाने भरला. पायथ्याजवळ काही ठिकाणी हा गाळ पाच किलोमीटरहून जाड आहे. सपाट दिसणाऱ्या शेताखाली पाच किलोमीटर वाळू, चिखल आणि गोटे! खड्डा भरत जातो, भरल्याच्या वजनाने आणखी दबतो, आणि वरून पुन्हा भर पडते. अशा जागी नद्या टिकतात, कारण त्यांचं काम कधी संपतच नाही.

खोलगा उत्तरेला सगळ्यात खोल. मग गंगेनं उत्तरेकडून, पायथ्यालगत वाहायला हवं होतं. ती तर दक्षिणेची कड धरून जाते. चुनारला, मुंगेरला तिच्या काठाशी द्वीपकल्पाचा जुना खडक उघडा पडलेला दिसतो. याचं कारण हिमालयातून उतरणाऱ्या गंडक, कोसी यांसारख्या नद्या. त्यांनी आणलेला गाळ इतका प्रचंड, की त्याचे पंखे, म्हणजे पायथ्यापासून पंख्याच्या आकारात साचलेले थर, पसरत पसरत गेले आणि मुख्य नदीला ढकलत ढकलत दक्षिणेच्या भिंतीशी नेऊन ठेवलं. खड्डा भूपट्टाने केला, पण त्यात नदी कुठे वाहील हे गाळाने ठरवलं. आणि गाळ किती येईल, हे डोंगराच्या उंचीइतकंच पावसावर अवलंबून. इथून जमीन आणि आभाळ या दोन्ही गोष्टींची वीण सुरू होते आणि मग ती उसवणं कठीण होत जातं.

एमरी लेन नावाच्या अभियंत्याने १९५५ साली ही वीण एका तराजूत मांडली. एका पारड्यात गाळाचं प्रमाण आणि कणांचा जाडेपणा, दुसऱ्या पारड्यात पाण्याचं प्रमाण आणि उतार. गाळ वाढला, पाणी तेवढंच राहिलं, तर पारडं एका बाजूला झुकतं आणि नदी तळ भरत जाते. पाणी वाढलं आणि गाळ नाही, तर ती तळ खोदत जाते. उतार जमिनीच्या पोटातून ठरतो, पाणी आभाळातून येतं आणि गाळावर दोघांचाही हक्क. मला हा तराजू फार आवडतो. पण तो हवेत टांगलेला नाही, हेही लक्षात ठेवावं लागतं. ज्या जमिनीवर तो ठेवलाय तीच हलते आहे.

जमीन हलली की नदी काय करते, याचं मला सगळ्यात जवळचं वाटणारं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. ऑस्ट्रेलिया म्हणजे शांत, जुना, भूकंपांची फारशी ख्याती नसलेला खंड. तिथे आग्नेयेकडच्या विस्तीर्ण मैदानातून मरे नदी पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहते. काही हजार नव्हे, काही दशसहस्र वर्षांपूर्वी तिच्या वाटेत आडवा एक प्रस्तरभंग, म्हणजे जिच्या दोन्ही बाजूंची जमीन सरकते अशी खडकातली भेग, जागा झाला. त्याला केडल प्रस्तरभंग म्हणतात. एकामागून एक भूकंप होत पश्चिमेकडची जमीन टप्प्याटप्प्याने वर आली. आज ती कड दहा-पंधरा मीटर उंचीची भरते, उत्तर-दक्षिण पसरलेली. माणसाला ती चढ म्हणूनही फारशी जाणवणार नाही. नदीला मात्र भिंत आडवी आली. पाणी मागे तुंबलं, तळं झालं, आणि मग मरे उत्तरेकडे वळून त्या उंचवट्याला वळसा घालून गेली. गोलबर्न नदीने दक्षिणेकडून वाट काढली. पुढे कधीतरी मरेने उत्तरेची वाट बरीचशी सोडली आणि दक्षिणेकडे, गोलबर्नच्या पात्राकडे मोर्चा वळवला.

यात दोन गोष्टी माझ्या मनात घर करून आहेत. उचललेल्या जमिनीच्या माथ्यावर मरेचं जुनं पात्र अजून तसंच पडलंय. कोरडं, वळणदार, काठांसकट. नदी गेली, तिचा साचा राहिला. आणि कडेच्या पूर्वेला, जिथे पाणी तुंबून पसरतं, तिथे रेड गम या निलगिरीच्या जातीतल्या झाडांचं जंगल उभं आहे, त्या जातीचं जगातलं सगळ्यात मोठं. पूर आला की या झाडांच्या बुंध्यांना महिनोन्‌महिने पाणी लागतं आणि ती त्यावरच जगतात. जमीन पंधरा मीटर उचलली गेली नसती, तर ते जंगल तिथे नसतं. भूकंपाला आपण फक्त पडझडीचा हिशोब लावतो. इथे त्याच्या खाती एक अख्खं जंगल जमा आहे.

मरेची गोष्ट हळूहळू घडली. कच्छच्या रणातली एका संध्याकाळी घडली. १६ जून १८१९. त्या भूकंपाने रणाच्या उत्तरेला जमिनीची एक लांबच लांब पट्टी वर आली, ऐंशी किलोमीटरच्या आसपास लांब आणि काही ठिकाणी सहा मीटरपर्यंत उंच. तिच्या दक्षिणेची जमीन खचली, समुद्राचं पाणी आत शिरलं, सिंद्रीचा किल्ला पाण्यात गेला. आतली माणसं बुरुजावर चढली आणि नंतर होड्यांतून बाहेर पडली. सिंधूचा एक पूर्वेकडचा फाटा याच वाटेने रणात उतरत असे. माणसांनी त्यावर आधीच वरच्या अंगाला बांध घातले होते. आता जमिनीनेच बांध घातला. लोकांनी त्याला नाव दिलं अल्लाह बंद. माणसाने बांधलेला नव्हे, देवाने बांधलेला.

सात वर्षांनी, १८२६ साली, सिंधूला मोठा पूर आला. पाण्याने वरचे मातीचे बांध फोडले, ते जुन्या फाट्याने रणाकडे धावलं आणि अल्लाह बंद आरपार कापून सिंद्रीच्या तळ्यात जाऊन मिळालं. जमिनीनं एका संध्याकाळी उभारलेली भिंत, आणि आभाळानं एका पावसाळ्यात तिच्यात पाडलेलं दार. मैदानातल्या नदीवर या दोघांची सत्ता कशी चालते, हे इतक्या थोड्या वर्षांत आणि माणसांच्या डोळ्यांदेखत घडलेलं दुसरं उदाहरण मला तरी माहीत नाही.

प्रत्येक वेळी जमीन वर फुटून येत नाही. इटलीतल्या पो नदीचं मैदान पाहणाऱ्याला पाटासारखं सपाट दिसतं, पण त्याच्या गाळाखाली अपेनाइन पर्वताच्या पुढच्या घड्या गाडल्या गेल्या आहेत आणि त्या अजून वर यायचा प्रयत्न करताहेत. वरून काही दिसत नाही, नद्या मात्र त्या घड्यांना बगल देतात. हे नद्यांना कसं कळतं, याचा १९८५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आहे. शुंजी औची या संशोधकाने वाळूच्या हौदात छोटी नदी वाहती केली आणि हौदाचा तळ मधोमध अगदी हळू वर उचलला. फुगवट्याच्या वरच्या बाजूला उतार कमी झाला, तिथे वाळू साचून पाणी पसरलं. फुगवट्यावर आणि त्याच्या खालच्या बाजूला उतार वाढला, तिथे प्रवाहाने तळ कापायला घेतला. वळणदार प्रवाह असेल तर तो वाढलेल्या उतारावर आणखी वळणं घेतो, म्हणजे वाट लांबवून वाढीव उतार पचवतो. घाटातला रस्ता जसा वळणं घेत चढ सोपा करतो, तसंच काहीसं. त्यामुळे मैदानातली नदी मध्येच कुठे फार वळणदार झाली किंवा अचानक सरळ झाली, की भूशास्त्रज्ञ तिच्याखाली काय चाललंय याची चौकशी करू लागतात.

पोच्या त्या मैदानात मे २०१२मध्ये भूकंप झाले. सान कार्लो नावाच्या गावात अंगणांतून, विहिरींतून, रस्त्यांच्या भेगांतून राखाडी वाळू आणि पाणी उसळून वर आलं. काही शतकांपूर्वी रेनो नदी त्या जागेवरून वाहत होती. पुढे तिला दुसरीकडे वळवलं गेलं, जुनं पात्र बुजलं, त्यावर घरं झाली. नदीची वाळू खाली ओलीच होती, सैल होती. हादरा बसल्यावर ती पातळ होऊन वर आली. त्या घटनेची छायाचित्रं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. नीट राखलेलं अंगण, आणि त्याच्या मधोमध वाळूचा छोटासा शंकू, वारुळासारखा. गाडलेल्या नदीचा पत्ता इतक्या अचूकपणे कुठल्या नकाशानेही सांगितला नसता.

हवामानाचा हात मात्र असा एका जागी दाखवता येत नाही. तो सगळीकडे एकदम पडतो आणि बऱ्याचदा अपेक्षेच्या उलट पडतो. वीस हजार वर्षांपूर्वीचं हिमयुग ऑस्ट्रेलियात आजच्यापेक्षा थंड आणि कोरडं होतं. मग नद्या बारीक असायला हव्यात. पण मरंबिजी नदीच्या मैदानात त्या काळातली जी जुनी पात्रं सापडतात, ती आजच्या पात्राच्या कितीतरी पट रुंद आहेत, त्यांची वळणंही दांडगी. डोंगरावर बर्फ साठायचं, वसंतात एकदम वितळायचं, आणि झाडोरा विरळ असल्याने पाणी न अडता खाली धावायचं. वर्षभराचं पाणी कमी असेल, पण ते येण्याची रीत वेगळी होती. नदीला पाणी किती मिळतं यापेक्षा कसं मिळतं, हे तिच्या अंगावर जास्त उमटतं.

आपल्याकडे हिमयुग सरल्यावर मान्सून जोरात आला. सुमारे अकरा हजार ते सात हजार वर्षांपूर्वीच्या काळात गंगा-ब्रह्मपुत्रेने खाली आणलेला गाळ आजच्या दुपटीहून अधिक होता, असं बंगालच्या त्रिभुज प्रदेशात खोल विंधन करून काढलेल्या गाळावरून दिसतं. त्याच काळात समुद्र झपाट्याने वर चढत होता. हिमयुगात तो सुमारे १२० मीटर खाली गेलेला. अशा चढत्या समुद्रापुढे जगातले बहुतेक त्रिभुज प्रदेश मागे हटले. बंगालचा टिकून राहिला, कारण मागून गाळाचा एवढा लोंढा येत होता की समुद्राला जागा मिळेना. आज कोट्यवधी माणसं ज्या जमिनीवर उभी आहेत, तिच्यातली बरीचशी त्या पावसांची कमाई आहे.

हे काळ कसे मोजतात, ते एकदा समजून घेतलं आणि मी अक्षरशः थक्क झाले. गारगोटीचा, म्हणजे क्वार्ट्‌झचा, साधा वाळूचा कण. तो गाडला गेला की भोवतालच्या मातीतल्या किरणोत्सारामुळे त्याच्या स्फटिकात थोडी थोडी ऊर्जा साठत जाते. जितका काळ अंधारात, तितका साठा मोठा. सूर्यप्रकाश लागला की साठा पुसला जातो आणि मोजणी शून्यावर येते. म्हणून अशी वाळू गोळा करताना पोलादी नळी जमिनीच्या उभ्या कापात ठोकतात, बाहेर काढताक्षणी तोंडं काळ्या आवरणात बंद करतात आणि प्रयोगशाळेत मंद तांबड्या दिव्याखाली उघडतात. तिथे त्या कणांवर ठरावीक प्रकाश सोडला की साठवलेली ऊर्जा फिकट उजेड होऊन बाहेर पडते. तो उजेड मोजायचा. किती हजार वर्षांपूर्वी त्या कणाने शेवटचं ऊन पाहिलं, ते कळतं. नदीकाठची मूठभर वाळू हातात घेतली की मला आता हे आठवतं. मुठीत घेतल्याक्षणी त्या कणांची घड्याळं शून्य झालेली असतात.

याच पद्धतीने हरियाणा-राजस्थानातल्या घग्गर नदीच्या कोरड्या पात्राखालची वाळू मोजली गेली. त्यावरून असं दिसलं की सतलज एके काळी त्या वाटेने वाहत होती आणि सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ती वाट सोडून गेली होती. म्हणजे हडप्पा संस्कृतीची शहरं तिथे वसली, त्याच्या फार आधी. लोकांनी मोठ्या नदीच्या काठी नव्हे, मोठ्या नदीने सोडलेल्या खोऱ्यात घरं बांधली. तिथे मातीही चांगली होती आणि महापुराचं भय नव्हतं. या एका निष्कर्षाने किती वाद पेटले आणि विझले, त्यात मला शिरायचं नाही.

मग जमिनीचा हात कुठला आणि आभाळाचा कुठला, हे ओळखायचं कसं? नदीकाठी जुन्या पूरमैदानाच्या पायऱ्या उंचावर राहून गेलेल्या दिसतात. त्यांना वेदिका म्हणतात. नदीने तळ कापला, म्हणून जुनी पातळी वर राहिली. पण तळ का कापला? जमीन उचलली म्हणून, की पाणी वाढून गाळ घटला म्हणून? नुसत्या पायरीकडे बघून सांगता येत नाही. अभ्यासक एक साधी युक्ती वापरतात. शेजारपाजारच्या सगळ्या नद्यांनी एकाच सुमाराला तळ कापला असेल तर हवामानावर संशय घ्यायचा, कारण पाऊस एकट्या नदीला गाठून बदलत नाही. एकाच नदीने, एकाच टप्प्यात कापला असेल तर जमिनीखाली बघायचं. युक्ती चांगली आहे, पण नेहमी पुरत नाही. गंगेच्या मैदानातच पश्चिमेकडच्या नद्या खोल कापत बसलेल्या आणि पूर्वेकडच्या तळ भरत वर येणाऱ्या. पाऊस वेगळा, मागच्या डोंगरातून येणारा गाळ वेगळा, खचण्याचा वेगही वेगळा.

शेवटी मला आपल्याच भाषेतले दोन शब्द उपयोगी पडले: कारण आणि निमित्त. आपण रोजच्या बोलण्यात हा फरक किती सहज करतो. "म्हातारा आधीच खंगला होता, ताप काय, निमित्त झालं." नदीने पात्र बदललं की आपण पुराकडे बोट दाखवतो. पूर बहुधा निमित्त असतो.

कोसी घ्या. तिच्या पंख्याचं उपग्रहावरून घेतलेलं चित्र मी कधी कधी रात्री उघडून बसते. नेपाळच्या पायथ्यापासून सुरू होऊन दक्षिणेला पसरलेला, जवळपास दीडशे किलोमीटर लांबीचा गाळाचा पंखा. जवळ जाऊन पाहिलं तर त्यावर जुन्या पात्रांचे असंख्य व्रण. कुठे तळ्यांची माळ, कुठे शेताच्या बांधांची विनाकारण वळलेली रांग, कुठे वळण घेतलेलं गाव. अठराव्या शतकापासून विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंतचे नकाशे पाहिले तर नदी शंभर किलोमीटरहून अधिक पश्चिमेकडे सरकलेली दिसते. मग तिला बांधांत घातलं गेलं. बांधांमुळे पाणी आवरलं, गाळ मात्र जायचा कुठे? तो बांधांच्या आतच बसत राहिला, तळ वर येत राहिला, आणि नदी बाहेरच्या शेतांपेक्षा उंचावरून वाहू लागली. १८ ऑगस्ट २००८ला नेपाळमधल्या कुसहा इथे पूर्वेचा बांध फुटला आणि कोसी एका झटक्यात शंभर किलोमीटरहून अधिक पूर्वेला, आपल्याच जुन्या वाटांवर जाऊन वाहू लागली. सुमारे तीस लाख माणसांच्या घरादारांवरून ती गेली. त्या दिवशी नदीत पाणी किती होतं? बांध जेवढ्या पुरासाठी आखला होता, त्याच्या पाचव्या हिश्शाहूनही कमी.

हा आकडा मला सोडत नाही. महापूर आलाच नव्हता. पारडं आधीच इतकं झुकलेलं होतं की एक बोट पुरलं. आपण मात्र पुढचा बांध बांधताना पुन्हा पुराचाच आकडा विचारतो. पाणी किती येईल? तळ किती चढलाय, बाहेरची जमीन किती खाली आहे, जुनं पात्र कुठून गेलं होतं, हे प्रश्न दुय्यम समजले जातात. ज्यांची घरं त्या वाटेवर होती, त्यांच्या वतीने हे प्रश्न आधी विचारले जायला हवे होते, असं मला फार वाटतं.

कधी उलटही होतं. १५ ऑगस्ट १९५०ला आसाममध्ये ८.६ क्षमतेचा भूकंप झाला. डोंगर ढासळले, उपनद्या तुंबल्या, तुंबलेलं पाणी काही दिवसांनी फुटून खाली आलं. ढासळलेला डोंगर नदीत आला खरा, पण तो पुढे न्यायचं काम पावसाचं. पावसाळ्यामागून पावसाळे ती वाळू खाली सरकत राहिली. दिब्रुगडजवळ ब्रह्मपुत्रेचा तळ तीन मीटरच्या आसपास वर आला आणि पुढच्या वर्षांत नदीने त्या शहराचा मोठा भाग गिळला. तिथे भूकंप काही मिनिटांत संपला, आणि नदीला तो पचवायला दशकं लागली.

जेम्स रेनेल या इंग्रज मोजणीदाराने १७६४पासून बंगालच्या नद्यांची पाहणी केली. त्याच्या नकाशात ब्रह्मपुत्रा मधुपूरच्या उंचवट्याच्या पूर्वेकडून, मैमनसिंगजवळून जाते. मधुपूर म्हणजे जुन्या तांबड्या मातीचा, आजूबाजूच्या मैदानाच्या थोडा वर आलेला तुकडा. आज ब्रह्मपुत्रेचं जवळजवळ सगळं पाणी त्या उंचवट्याच्या पश्चिमेकडून, जमुना या नावाने वाहतं. १७८७ साली तीस्तेला मोठा पूर आला आणि तिने गंगेकडे जाणं सोडून ब्रह्मपुत्रेची वाट धरली. त्यानंतरच्या चाळीसेक वर्षांत ब्रह्मपुत्रा तिच्या नव्या पात्रात गेली. कुणी म्हणतं तीस्तेच्या पाण्याने ढकललं. कुणी म्हणतं मधुपूरचा तुकडा कलत, उचलत होता आणि पश्चिमेकडची जमीन दबत होती. कुणी म्हणतं जुनं पात्र गाळाने इतकं भरलं होतं की आज ना उद्या हे व्हायचंच होतं. मला तिन्ही एकमेकांत गुंतलेली दिसतात, आणि कुठला धागा आधी ओढला गेला हे विचारत बसावंसं वाटतं.

मैमनसिंगच्या काठाने अजून पाणी वाहतं. पावसाळ्यात भरतं, उन्हाळ्यात वाळूची बेटं वर येतात. त्या रोडावलेल्या प्रवाहाला तिथले लोक आजही ब्रह्मपुत्राच म्हणतात. नदी पश्चिमेला निघून गेली, तेव्हा नाव काही तिच्याबरोबर गेलं नाही.